दोन देशांची गळती आणि डॉ. नानोटी

डॉ. मधुसूदन नानोटींनी आयुष्यात एकही तळटीप वाचली नाही. हा माझा आरोप नाही, त्यांचाच दावा आहे. "तळटीप म्हणजे एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनासाठी ठेवलेली चिठ्ठी," असं ते म्हणायचे आणि समोरचा हसला की नाही हे बघायला चष्मा वर करायचे. मी बारा वर्षं हसलो. आमच्या संस्थेच्या प्रकाशन विभागात मी होतो. तळटिपा जुळवायच्या, त्यांचे आकडे वरच्या मजकुराशी ताडून बघायचे आणि पानाच्या तळाशी बारीक टायपात बसवायचे, हेच माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा त्या व्याख्येतला दुसरा कारकून मीच होतो.

आमची संशोधन संस्था भोपाळला टी. टी. नगरात, सरकारी कचेऱ्यांच्या गर्दीत, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. नानोटी तिथे अर्थशास्त्राचे विभागप्रमुख. त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच सरकारी दफ्तराबरोबर नागपूरहून इकडे आलेले, त्यामुळे आमच्यात खरं तर घरोबा असायला हवा होता. पण नानोटी पुण्याची मराठी बोलायचे. पुण्यात ते एकूण किती दिवस राहिले होते हे मी एकदा हिशेबाने काढलं, तर दोन लग्नं आणि एक परिसंवाद मिळून नऊ दिवस भरले. राग आला की मात्र त्यांच्या तोंडून "काहून?" बाहेर पडायचं. मग ते खोकल्यासारखं करून "का बरं?" म्हणायचे.

दिसायला माणूस रुबाबदार. पांढरे केस मागे वळवलेले, शर्ट कायम कडक इस्त्रीचा, खिशाला हिरव्या शाईचं पेन. हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्याची खूण. नानोटी राजपत्रित कधीच नव्हते, पण विचारणार कोण? रजेच्या अर्जापासून वीजबिलाच्या पाठीवर केलेल्या किराण्याच्या यादीपर्यंत त्यांचं सगळं हिरवंगार असायचं. हिवाळ्यात नागपूरहून संत्र्यांची पेटी आली की ते बैठकीत संत्रं सोलत बसायचे. बाकीचे बोलत असताना हे एकेका फोडीवरचा पांढरा दोरा न् दोरा काढायचे, मग डोळे मिटून खायचे. बारा हिवाळ्यांत त्यांनी कुणाला एक फोड देऊ केलेली मी पाहिली नाही.

माणसांचे त्यांच्याकडे दोन वर्ग होते: सुमार आणि अतिसुमार. संचालक सुमार, अर्थमंत्री कुठल्याही पक्षाचा असो, सुमार, आणि राज्यातले बाकीचे यच्चयावत अर्थशास्त्रज्ञ अतिसुमार. मला मात्र ते वेगळं काढायचे. "पांढरीपांडे, तुम्ही विद्वान नाही, पण उपयुक्त आहात." याचा मला राग यायचा आणि थोडं बरंही वाटायचं. ही कबुली या वयात देऊन टाकलेली बरी.

त्यांचा विषय होता परकीय गंगाजळी, म्हणजे देशाकडे असलेला डॉलर-पौंडांचा साठा. त्यातही त्यांची खास आवड म्हणजे आपली गंगाजळी आणि शेजारच्या देशाची गंगाजळी यांची तुलना. शेजारच्या देशाचं नाव ते घेत नसत, नुसतं "आपले शेजारी" म्हणत, आणि आवाज असा काढत की शाहपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कुणाच्या घरातली भानगड सांगतायत. सकाळी शाहपुरा तलावावर त्यांच्याबरोबर चार निवृत्त मंडळी फिरायची. तिकडे शेजाऱ्यांचं चलन घसरलं की इकडे नानोटींची चाल वाढायची. आपलं चलन घसरलं तर "ही निर्यातीला संधी आहे," आणि त्यांचं घसरलं तर "हे पाप भरलं." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, यापलीकडे त्यांचं अर्थशास्त्र गेलेलं मला कधी दिसलं नाही. पण ती चार मंडळी माना डोलवायची. सकाळच्या वेळी फुकट विद्वत्ता मिळत असेल तर कोण सोडतो?

अशा माणसाच्या हाताखाली वैशाली ठोंबरे आली.

वैशाली भोपाळच्याच सोनागिरी भागातली. वडील तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात तंत्रज्ञ होते, निवृत्त झालेले. मुलगी जन्माने, शाळेने, बोलीने पक्की भोपाळी. "मी बोलली ना", "तो तर ठीक आहे, पण", असं तिचं मराठी चालायचं आणि नानोटी ते ऐकून दात दुखल्यासारखा चेहरा करायचे. संस्थेत ती अकरा महिन्यांच्या करारावर होती. दर वर्षी कराराचं नूतनीकरण नानोटींच्या हिरव्या सहीने होणार आणि तिच्या पीएच.डी.चे मार्गदर्शकही तेच. म्हणजे तिचा पगार आणि तिची पदवी, दोन्ही दोऱ्या एकाच हातात. घरात कमावती ती एकटी. रोज सोनागिरीहून स्कूटीवर यायची, डोक्याला ओढणी गुंडाळून, आणि टेबलाशी बसली की संध्याकाळपर्यंत मान वर करायची नाही.

ती हुशार होती. हुशार हा शब्द मी फार वापरत नाही, आमच्या संस्थेत त्याची गरजच पडत नसे. एकदा डबा खाताना मी तिला विचारलं की हा गळतीचा, म्हणजे गंगाजळीतून बाहेर जाणाऱ्या पैशाचा, प्रकार एकदा मला नीट समजावून सांग, मी बारा वर्षं त्याची नुसती प्रुफं तपासतोय. ती पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "सर, घरात पैसा किती आहे ते कुणीही सांगेल. येत्या बारा महिन्यांत दारात कोण कोण उभा राहणार, ते विचारायचं. तो खरा सवाल आहे."

"म्हणजे कर्जवाले?"

"कर्जवाले, व्याजवाले, ज्यांना पुढच्या तारखेला डॉलर द्यायचं कबूल केलंय ते पण. आणि बघा, कर्ज दहा सालांपूर्वीचं असू दे. त्याचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे ना? तर तो पण यात धरायचा. लोक काय करतात, फक्त साल-सहा महिन्यांसाठी घेतलेलं कर्ज धरतात, बाकी सोडून देतात. मग गळती एकदम छोटी दिसते."

इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नानोटींचं व्याख्यान होतं. मोदक व्याख्यानानंतर वाटणार होते, त्यामुळे सभागृह भरलेलं. नानोटींनी चष्मा काढला, पाच सेकंद थांबले आणि म्हणाले, "मित्रहो, घरात पैसा किती आहे हे विचारू नका. येत्या बारा महिन्यांत दारात कोण कोण उभं राहणार आहे, ते विचारा." टाळ्यांचा कडकडाट झाला. वैशाली माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती, तीही टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती हसून म्हणाली, "जाऊ द्या ना सर, चांगलं बोलले." तिच्या सांगण्यातला पहिला अर्धा भागच नानोटींनी उचलला होता. शेवटच्या हप्त्याची गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती, हे पुढे कळलं.

मग तो अहवाल आला. दोन देशांच्या गंगाजळीवरची अल्पकालीन गळती, शेजारी शेजारी मांडलेली. निवृत्तीआधीचं आपलं हे शेवटचं मोठं काम, असं नानोटींनी जाहीर करून टाकलं होतं. त्याच्या प्रकाशनाला दिल्लीहून पाहुणे येणार होते. वैशालीने तीन महिने खपून शेजाऱ्यांचा रकाना तयार केला, सगळी देणी धरून, जुन्या कर्जाच्या शेवटच्या हप्त्यांसकट. आपल्या देशाचा रकाना करायला बसली तर नानोटी म्हणाले, "तो माझ्या जुन्या लेखातून उचला. तो सिद्ध झालेला आहे."

जुन्या लेखात फक्त वर्षाच्या आतल्या मुदतीसाठी घेतलेली कर्जं धरली होती. म्हणजे एका देशाच्या दारात उभे असलेले सगळे मोजायचे आणि दुसऱ्याच्या दारात फक्त काल-परवा आलेले. वैशाली त्यांना म्हणाली, सर, असं चालणार नाही, मला आठ दिवस द्या, मी आपला रकाना नव्याने करते. ते नाही म्हणाले. तिने दुसऱ्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही आकडे भरा, विचार करायला मी आहे." तिसऱ्यांदा तिने लेखी टिपण करून फाइलला लावलं, ते त्यांनी उलटवलंसुद्धा नाही.

शेवटी तिने एक युक्ती केली, आणि अशी युक्ती फक्त आमच्याच संस्थेत सुचू शकते. जिथे तिचं म्हणणं नानोटी खोडणार नाहीत अशी अख्ख्या अहवालात एकच जागा होती. तिने तक्त्याखाली तळटीप घातली: दोन्ही रकान्यांतली मोजणी एकाच पद्धतीने केलेली नाही, सबब त्यांची परस्परांशी तुलना करू नये. आणि मजकूर माझ्याकडे देताना म्हणाली, "सर, ही जरा नजरेत येईल अशी लावा. प्रूफ दाखवायला जाल तेव्हा सरांना एकदा बोला. तुमचं ते ऐकतात."

मी हो म्हणालो.

प्रूफ घेऊन नानोटींच्या खोलीत गेलो तेव्हा ते फोनवर दिल्लीच्या पाहुण्यांची खोली कुठल्या हॉटेलात करायची ते ठरवत होते. पान समोर ठेवलं. वर मोठ्या टायपात त्यांचं वाक्य होतं की दोन्ही रकाने शेजारी ठेवताच शेजाऱ्यांचं दिवाळं आणि आपली भक्कम स्थिती आरशासारखी स्पष्ट होते. खाली बारीक टायपात वैशालीची तळटीप होती की असं करू नका. एकाच पानावर, मध्ये चार बोटांचं अंतर. त्यांनी फोन कानाला धरूनच सही ठोकली. "तळटिपा तुम्ही बघा," म्हणाले.

एक वाक्य बोलायचं होतं मला, फक्त एकच. नाही बोललो. विसरलो, असं म्हणायची सोय नाही, कारण मला चांगलं आठवत होतं. मला मजा वाटली. बारा वर्षं ज्याच्या विनोदांना हसलो, तो माणूस दिल्लीकरांसमोर आपल्याच पानावर तोंडावर आपटणार, या कल्पनेनेच मला गुदगुल्या झाल्या. त्या दिवशी घरी जाताना मी न्यू मार्केटात थांबून पाव किलो जिलबी घेतली. आपटणाऱ्या माणसाच्या खाली कोण उभं आहे, हे बघायची मला गरज वाटली नाही.

प्रकाशनाच्या दिवशी नानोटी नव्या जाकिटात आले. पडद्यावर तक्ता, हातात लाल ठिपक्याचा टॉर्च, ठिपका शेजाऱ्यांच्या रकान्यावर नाचवत अर्धा तास बोलले. टाळ्या झाल्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हा तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त बँक अधिकारी उठले. शांत माणूस, हातात अहवाल उघडलेला. म्हणाले, "नानोटी साहब, बस एक छोटी सी बात. आपके ही पन्ने पर नीचे लिखा है कि इन दोनों की तुलना न की जाए. तो फिर आधे घंटे से हम कर क्या रहे थे?"

सभागृहात मागून कुणीतरी हसलं. नानोटींनी पान डोळ्यांजवळ नेलं. आयुष्यातली पहिली तळटीप ते वाचत होते. वाचायला वेळ लागला. मग मान वर केली आणि कुठलाही खोकला न काढता ओरडले, "काहून टाकलं हे? वैशाली, उभ्या राहा."

ती भिंतीशी प्रोजेक्टरजवळ बसली होती. उभी राहिली.

"ही आमची कंत्राटी सहायिका," नानोटी पाहुण्यांना हिंदीत सांगू लागले. "यांनी आपल्या देशाचा रकाना चुकीच्या पद्धतीने भरला आणि ते झाकायला ही ओळ माझ्या नकळत घुसवली. मी शरमिंदा आहे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी अशा भर सभेत, माइकवरून पहिल्यांदाच ऐकल्या. वैशाली उभ्या जागेवरूनच बोलली. "सर, मी दोनदा बोलली होती तुम्हाला. लिहून पण दिलं होतं, फाइलमध्ये आहे. आणि प्रूफ तर तुम्हाला दाखवलं होतं ना, पांढरीपांडे सरांनी."

संचालकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "पांढरीपांडेजी, प्रूफ आपने दिखाया था? ये नोट इनको बताया था?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नानोटीही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच भीती पाहिली, आणि खरं सांगायचं तर तिचा आनंद घ्यायलाही मला वेळ नव्हता. दाखवलं होतं म्हणालो तर सांगितलं का नाही, असा पुढचा प्रश्न येणार होता. माझी नोकरी पक्की होती, फार तर एक मेमो मिळाला असता. पण माझ्या तोंडून निघालं ते असं: "सर, मजकुराचं प्रूफ दाखवलं. तळटिपा नंतर आल्या असतील. मला कल्पना नाही."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली.

मार्चअखेर तिचा करार संपला आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही. मार्गदर्शकानेच हात झटकल्यावर पीएच.डी.ही तिथेच थांबली. फाइलमधलं तिचं टिपण शोधायला एक समिती बसली, पण ते सापडलं नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली, उसनी घेतलेली पट्टी परत द्यायला. म्हणाली, "त्यांचं मला काही नाही वाटलं सर. ते तर वाचतच नाहीत. तुम्ही तर वाचता." मी ड्रॉवर उघडून काहीतरी शोधत राहिलो. मान वर केली तेव्हा ती जिन्यापर्यंत पोचली होती.

आणि नानोटी? त्यांचं काय होणार! सहा महिन्यांत अहवालाची दुसरी आवृत्ती निघाली. मोजणी दुरुस्त करायला आठ दिवस लागले असते, ते कुणी दिले नाहीत. नानोटींनी सोपा उपाय काढला: तळटीप काढून टाकली आणि तुलना तशीच ठेवली. ती तळटीप पानावरून पुसायचं काम प्रकाशन विभागाचं होतं. मी पुसली. त्याच आवृत्तीच्या जोरावर मराठी मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि सत्काराला उत्तर देताना त्यांनी आकड्यांशी प्रामाणिक राहण्यावर चाळीस मिनिटं भाषण केलं. नाव मोठं आणि लक्षण खोटं म्हणतात, पण नाव मोठं व्हायला हातभार लावणारे हात कुणाचे असतात, ते म्हणीत सांगितलेलं नाही.

वैशाली आता सोनागिरीतच स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेते, एका मेडिकल दुकानाच्या वरच्या खोलीत. बाहेर तिच्या नावाची पाटी आहे. नावाआधी डॉक्टर नाही. मी एकदा त्या रस्त्याने गेलो होतो, पाटी वाचली, वर गेलो नाही.

नानोटी मला शेवटचे दिसले ते गेल्या थंडीत, शाहपुरा तलावाच्या काठी. मीही आता निवृत्त, डॉक्टरने चालायला सांगितलंय. चार मंडळींपैकी दोनच उरली होती. नानोटी त्यांना शेजाऱ्यांच्या गंगाजळीबद्दल सांगत होते, आवाज तोच. मला बघून ते थांबले, त्या दोघांना पुढे जायला सांगितलं आणि माझा दंड धरला. हात हलका झाला होता. मला वाटलं, आता तरी त्या मुलीची चौकशी करतील. एवढ्या वर्षांत निदान तेवढं तरी.

"पांढरीपांडे," ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सांभाळून घेतलंत. मी कुणाचे आभार मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण माणूस ओळखायला मी चुकत नाही. आपल्यासारखी माणसं एकमेकांना सांभाळून असतात, म्हणून हे सगळं चाललंय."

त्यांना मी आयुष्यभर तुच्छ मानलं. त्यांचा विनोद, त्यांची शाई, त्यांचं पुणेरी मराठी, सगळं. आणि तो माणूस माझा दंड धरून "आपल्यासारखी" म्हणत होता, अगदी मनापासून, पहिल्यांदाच खरं बोलत होता. झिडकारून टाकायला एक शब्द पुरला असता.

"असू दे हो, सर," मी म्हणालो.

त्यांनी दंड दोनदा थोपटला आणि पुढे गेलेल्या मंडळींना गाठायला निघाले. मी तिथेच उभा राहून बघत होतो. वळणावर त्यांनी मागे पाहिलं, हात वर केला, आणि मीही केला.